टेप क्रमांक एक्केचाळीस

क्लीव्हलंड. विद्यापीठाचं तळघर, हीटर खोकतोय.
माझं काम लळा मोजायचं.
एक ते सात. अर्धा गुण चालत नाही.

पडद्यावर एक खोली: दोन खुर्च्या, लाकडी ठोकळे,
भिंतभर आरसा, त्याच्यामागे माणसं.
आई तीन मिनिटं बाहेर जाते. मूल रडतं का, बघायचं.
परत येते. मूल झेपावतं का, बघायचं.
एवढ्यावर घरातली ऊब ठरते.

चाळीस टेपांत चाळीस सोनेरी जावळं.
एक्केचाळिसावी निराळ्या खोक्यात सापडली,
वर पेन्सिलीनं: नमुना अपुरा, हिशेबात धरू नये.

ओर्नेटा पेटिफर्ड, वय बावीस.
मंगळवारी आलीय, पण पोशाख रविवारचा.
बाळाच्या गुडघ्यांना व्हॅसलीन चोपडलंय,
कुणी बोट ठेवायला नको.

ती जाते. डेलरॉय दाराकडे पाहतो,
मग ठोकळ्यांकडे वळतो. रडत नाही.
जुन्या कुणीतरी शेरा मारलाय: टाळणारा.
अहो, तो तीन मावश्यांच्या, वरच्या मजल्यावरच्या मिस कोराच्या
आणि चर्चमधल्या मागच्या बाकावरच्या
झाडून सगळ्या मांड्यांवर वाढलाय.
एक दार लागलं की दुसरं उघडतं
हे त्याला अकराव्या महिन्यातच ठाऊक.

ती परत येते. बाळ हात वर करतं.
ती उचलते, पण त्याआधी
आरशाकडे बघते.
मी टेप मागे नेऊन मोजलं,
सेकंदाहून जरासं जास्त.
शेरा: आईचं लक्ष दुसरीकडे. गुण दोन.

ही नजर मला माहीत आहे.
दुकानात शिरताना आई माझे हात खिशातून उपसून काढायची
तेव्हा ती माझ्याकडे बघत नसे,
गल्ल्यामागच्या माणसाकडे बघे.
मनगटावरची तिची पकड मऊ नव्हती.
तिला किती गुण देऊ?

फॉर्मवर आरशाचा रकानाच नाही.

प्रयोग संपल्याची घंटा होते.
कॅमेरा बंद करायला कुणीतरी विसरलंय.
ओर्नेटा बाळानं चोखलेला ठोकळा रुमालानं पुसते,
सगळे ठोकळे डब्यात भरते, एका हातानं,
आणि आरशाकडे पाठ करून
बराच वेळ उभी राहते.
तिच्या मानेत तोंड खुपसून
डेलरॉय आता कुठे रडायला लागतो.
ती डुलते. काहीतरी म्हणते,
ऐकू येत नाही.

हे मोजणीत नाही.
मी आवाज वाढवते.