साबणाचं पाणी

किडरमिन्स्टर, फेब्रुवारी. शेडच्या पत्र्यावर
दव गोठून पांढरं पडलेलं.
क्लाइव्ह पार्जेटर, वय एक्याऐंशी,
दोन मगांत उकळतं पाणी ओततो :
एकात चहा, एकात रबरी बुश.
मी नेमका दुसरा उचलते.
"तो नको," म्हणतो, "त्यात साखर नाही."

एकाहत्तर सालची नॉर्टन
टाकी उतरवून उभी,
आंघोळीला बसवलेल्या म्हाताऱ्यासारखी
बरगड्या दाखवत, जराशी अवघडलेली.

जुनी बुशं मी कालच काढली.
काही टाचेसारखी भेगाळलेली,
काही फुगून गुळासारखी चिकट.
कुणीतरी ग्रीस लावलं होतं.
भल्यासाठीच लावलं असणार.
क्लाइव्ह एक बोटावर घेतो, हुंगतो,
चष्मा पुसतो.
"मीच. शहाऐंशी साली. डोरीन टॉर्च धरून उभी होती."

तेल रबराला खातं.
ओरबाडून नाही, लाड करून खातं,
वर्षानुवर्षं.
इथे हवं साबणाचं पाणी :
आत जाईपर्यंत निसरडं,
आत गेल्यावर वाळून जाणारं,
पाहुण्यानं जेवून उठावं
आणि आपलं ताट आपणच विसळून ठेवावं, तसं.

त्याची बोटं आता वळत नाहीत,
म्हणून माझी.
मी जोर लावते. पहिलं उडून लॉनमोवरखाली.
दुसरं जुन्या फ्रिजमागे, ते अजून तिथेच आहे.
तिसऱ्याच्या वेळी आठवली
मिरजेची गौराक्का कासारीण,
उंबऱ्यात बसून माझा पंजा चेपणारी,
फेस पार कोपरापर्यंत :
अंगठा आत घे गं. सैल सोड.
बांगडी जोरानं भरत नाहीत पोरी,
हाताला विसरू दे जरा, की तो हात आहे.

मग ग्रोमेट दुमडलं,
काजातून बटण काढतात तसं तिरकं घातलं,
अर्धा ओठ आत, अर्धा बाहेर,
चमच्याच्या बोथट दांड्यानं
कडेकडेनं, कडेकडेनं
आणि टप्.
एवढासा आवाज,
दुधाचा दात पडावा तसा.

"काय म्हणालीस त्याला?" क्लाइव्ह विचारतो.
मला वाटलं होतं, मी मनात म्हणाले.
सांगते. तो घोळवून पाहतो जिभेवर :
साइल सोड. साइल सोड.
बरं म्हणतो, पण उच्चारात ड अडकतो,
बसत नाही जागेवर.

चारलाच काळोख. अजून नऊ उरलीत.
आज किक मारायची नाही, तो बजावतो,
रात्रभर वाळू दे,
ओलं बुश इंजिनाच्या थरथरीत फिरून बसतं वाकडं.

घरी येऊन मी हात धुते.
साबणाचेच हात,
साबणानं.