सातव्या पानावरचा केस

वाइके राउदसेप केकच्या खोक्यातून आणते तिचं पुस्तक:
सुतळीने बांधलेलं खोकं, आत मेणकागद,
मेणकागदाखाली लांडगा.
नोव्हेंबर. साडेतीनलाच तार्तूवर काळोख उतरलेला,
एमायोगीच्या काठाने दिवे,
आणि छापखान्यात माझ्या स्कॅनरचा तेवढा
पांढरा पट्टा इकडून तिकडे सरकणारा.

माझं काम साधं. चित्र काचेवर पालथं ठेवायचं,
झाकण टाकायचं नाही, लांडग्याचा कान दबतो,
आणि मग पडद्यावर जे जे चुकून आलंय ते पुसायचं.
डिंकाचे ओघळ, बोटांचे ठसे, धूळ.
एकवीस वर्षं पुसतोय. हात बसलाय.

हा लांडगा चहात भिजवलेल्या वर्तमानपत्राचा,
पोटाशी अजून वाचता येतं: बटाटे, घरपोच.
शेपटी उसवलेल्या हातमोज्याची.
जंगल रेशनच्या जुन्या कुपनांचं,
साखर साखर साखर, लोणी, साबण;
या झाडांसाठी माझी आई रांगेत उभी राहायची.
बर्फ म्हणजे पिठाच्या पिशवीची आतली बाजू.
चंद्र खिडकीवाल्या पाकिटातून कापलेला,
ज्यातून फक्त बिलं येतात,
नाहीतर इस्पितळाची तारीख.

मी विचारलं, "कडांच्या सावल्या काढू?
मालक म्हणतात, स्वच्छ दिसतं."
मफलर सोडता सोडता ती थांबली.
"सावली काढलीत तर लांडगा कागदाला चिकटेल.
मग पळणार कसा?"
चिकटवलेलाच आहे की, हे ओठांवर आलेलं मी गिळलं.
सावल्या राहिल्या.

पण सातव्या पानावर, लांडग्याच्या पोटाखाली
डिंकात एक केस अडकला होता.
करडा, आखूड, टोकाला पांढरा.
तो मी पुसला. न विचारता.
केस कोण विचारून पुसतं?

नमुना प्रत पाहायला आली तेव्हा
पानं उलटली भराभर, सातव्यावर बोट फिरवलं,
पुन्हा फिरवलं,
चष्मा काढून डोळे कागदापाशी नेले.
"इथे तुट्टू होती."

मांजर. जूनमध्ये गेली.
सतरा वर्षं हिच्या टेबलावर, कात्रणांवर,
ओल्या डिंकावर बसायची,
हाकललं की अख्खा ससा शेपटीला लावून निघून जायची.
वाइके रडली वगैरे नाही.
म्हणाली, "जागा रिकामी दिसते, एवढंच."

मूळ फाइल मी टाकून दिली नव्हती.
आळस कधीकधी उपयोगी पडतो.
सगळे घरी गेल्यावर बसलो
आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा
एक केस जागच्या जागी परत ठेवला.
सावलीसकट.
केसालाही असते, पुष्कळ मोठं करून पाहिलं तर.

आता पुस्तक घरी आलंय.
केर्तू साडेतीन वर्षांची. मी वाचतो, ती ऐकत नाही,
ती नखाने चंद्राची कड उचकटते आहे.
सावली दिसते म्हणजे कड असणार,
कड असेल तर खाली काहीतरी असणार.
कागद गुळगुळीत.
"बाबा, तू एवढं घट्ट का चिकटवलंस?"
कुपनांची झाडं ती मोजत नाही,
साखरेचं तिला काय.

सातव्या पानावर मात्र ती गप्प झाली.
चिमटीने केस धरून पाहिला.
वाकून फुंकर मारली. मग गाल फुगवून मोठी.
लांडगा हलला नाही, केस हलला नाही,
माझ्या चहावरची वाफ तेवढी वाकडी झाली.

सकाळी पुस्तक उशीखाली होतं, अर्धवट उघडं.
सातव्या पानावर दोन केस.
एक सपाट.
दुसरा पिवळा, लांब, कुरळा,
करड्याला अगदी लागून,
लिंगनबेरीच्या जॅमने चिकटवलेला, अजून ओला.

हात सवयीने गेलाच होता.