दोर

पुंता अरेनासमध्ये नोव्हेंबर म्हणजे वारा.
झाडंसुद्धा इथं सरळ वाढत नाहीत,
वारा पाहून पाठ फिरवलेली, सगळी एकाच बाजूला.
माझा बाप नगरपालिकेत आहे.
ताशी शंभराच्या वर गेला
की चौकातल्या खांबांना तो दोर बांधतो,
म्हणजे म्हाताऱ्यांना, पोरांना
बँकेचा कोपरा ओलांडता येतो, उडून न जाता.
वाऱ्यावर सोडणं हा त्याच्यासाठी वाक्प्रचार नाही,
कामचुकारपणा आहे.

एलिसेओ बार्रिया सातवीत आमच्याबरोबर.
मंगळवारी त्याला धडा वाचायला उठवलं.
'बिएंतो' आला. बिएंतो म्हणजे वारा,
आणि या गावात तो शब्द चुकवून
काही वाचता येत नाही.
बि, म्हणाला. बि. बि-बि.
ओरिएता बाई थांबल्या. काच थरथरत होती.
कुणीतरी बाकाखालून फोन धरला होता.

संध्याकाळपर्यंत त्याच्या आवाजाला
मेंढीचा आवाज जोडून झाला.
अकरा सेकंद.
पाठोपाठ त्याच्या तोंडाला लोकर,
कानात पिवळा बिल्ला, कळपातल्या मेंढ्यांना मारतात तसा,
त्यावर त्याचा हजेरी क्रमांक.
गटात आम्ही एकतीस जण.
एकतिसावा तोच.
त्याला काढायचं कुणाला सुचलं नाही,
की सुचलं म्हणूनच ठेवला,
हे मला अजून कळलेलं नाही.

मी काही लिहिलं नाही.
फक्त हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला
तो पिवळा चेहरा पाठवला.
एकच. लोकांनी सहा-सहा पाठवले होते.
हा हिशेब मी रात्री पुष्कळदा केला.
उत्तर दर वेळी तेच आलं.

बुधवारी तो आला. गुरुवारी आला.
मधल्या सुट्टीत कुणी बें केलं नाही,
गरजच नव्हती,
मेंढी सगळ्यांच्या खिशात होती.
शुक्रवारी खुर्ची रिकामी.
बाईंनी विचारलं, कुणाला काही माहीत आहे?
तीस तोंडं. बाहेर छपराचे पत्रे तेवढे बोलत होते.

रात्री बापाच्या तळव्यांना मलम लावत होते.
दोरानं सोलतात ते.
विचारलं, आज कुणी धरला?
"मला काय ठाऊक. मी बांधतो, पुढच्या खांबाकडे जातो."
मग बऱ्याच वेळानं,
"एकदा कंटाळा केला होता."
पुढं बोलला नाही.
मी बोटांमधलं मलम पुसत राहिले.

अकराच्या सुमारास गटात लिहिलं:
पुरे. यान्को, काढ ते. मीही हसले होते, चुकलं माझं.
एकोणतीस जणांनी वाचलं.
मग यान्को: मेंढीला मैत्रीण मिळाली.
सव्वाअकराला माझ्याही तोंडाला लोकर आली.
ऊब नसते त्या लोकरीला.
कुणी काही लिहू लागे, खोडून टाके.
बाराला दानित्सा:
सोमवारी मी बाईंना सांगणार आहे. कोण येतंय?
आम्ही चौघी निघालो. चौघीच.

सोमवारी एकशे दहाचा वारा.
एलिसेओ हार्डवेअरच्या भिंतीला टेकून,
दप्तर पोटाशी धरून उभा.
मी हात पुढे केला. तो त्यानं घेतला नाही.
दोर धरला,
माझ्यापासून चार हात दूर.
तसेच निघालो. मागं वळून पाहिलं नाही,
पण तो अडखळला की दोराला हिसका बसे,
आणि माझ्या मुठीला समजे.

शाळेच्या फाटकाशी तो थांबला.
"आज," म्हणाला, "आज बि—"
पुढचा शब्द माझ्या जिभेवर तयार होता.
मी तो गिळला.
बि. बि.
केस डोळ्यांत जात होते, मागचे लोक खोळंबले होते,
सेकंद कुणी मोजले नाहीत.
बिएंतो वाढतोय, म्हणाला शेवटी.
आणि खरंच
वाढत होता.