एकविसावा दिवस

नागपूरहून रिपोर्ट येतो रात्री नऊनंतर.
प्रिंटरची शाई संपत आलेली,
तरी आकडा ठळक.
०.८.
शेजारी खाली तोंड केलेला बाण.

सिंदेवाहीतल्या या दीड खोलीच्या लॅबमध्ये
बाण सगळ्यांनाच वाचता येतो,
ज्याला अक्षर येत नाही त्यालाही.
निरूपा गहाणेच्या नवऱ्यानं मोबाइलवर फोटो पाहिला,
त्याच्या बहिणीनं पाहिला, मेडिकलवाल्यानं पाहिला,
आणि सकाळी चहा व्हायच्या आत ठरून गेलं
की इच्या पोटात अंडंच तयार होत नाही.

मी डॉक्टर नाही.
मी शीर शोधते, दंडाला रबर बांधते,
नळीवर नाव लिहिते,
बर्फाचा डबा दोनच्या एसटीत कंडक्टरच्या पायाशी ठेवते.
अर्थ लावणं माझ्या पगारात बसत नाही.
पण अकरा वर्षं हे कागद हाताळून एवढं कळतं
की प्रोजेस्टेरॉनला एकच एक आकडा नसतो.
रिपोर्टच्या तळाशी बारीक टायपात चार ओळी असतात,
बाईच्या चार अवस्थांच्या चार मर्यादा,
आणि मशीनला कोणी सांगितलेलं नसतं
ही बाई त्या सकाळी कोणत्या ओळीत उभी होती.
ते आपलं एक ओळ धरतं
आणि बाण काढून मोकळं होतं.

"पाळी किती दिवसांनी येते?"
ती नवऱ्याकडे बघते.
तो मोटारसायकल पुसायला बाहेर जातो.
"चिठ्ठीवर एकविसावा दिवस लिवला होता मॅडम,
एकविसाव्याच दिवशी आली मी. मोजून."
"ते बरोबर. पण पाळी?"
"पस्तीस. कधी छत्तीस.
माह्या मायलेबी तसंच होतं."

मी टेबलावरचं कॅलेंडर तिच्याकडे फिरवलं.
एकविसावा दिवस अठ्ठाविशीच्या बाईचा.
पुढची पाळी येईल त्याच्या सात दिवस आधी,
असं मागं मोजत यायचं.
तुझा अठ्ठाविसावा. नाहीतर एकोणतिसावा.

ती चौकटींवरून बोट फिरवत राहिली,
नखात रोवण्याचा चिखल तसाच.
मग एकदम हसली, तोंडावर पदर धरून.
"म्हंजे हलक्या धानाच्या दिवशी
भारी धानाच्या बांदीत गेली न मी.
लोंबी चोळून पाह्यली, दूधबी नाही निंगालं,
अन् पोचट हाय म्हणून सांगत सुटले सारे."

मला एवढं नीट कधी कोणाला सांगता आलं नव्हतं.

आणि हेही सांगितलं पाहिजे,
फॉर्मवर शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना असतो.
तो मीच रिकामा सोडला होता.
लाइट गेली होती, सतरा जण बाकावर,
एक पोरगं सुई बघून सारखं ओरडत होतं.
मी नाव विचारलं, वय विचारलं.
पुढं विचारलंच नाही.

रिपोर्ट खोटा नव्हता.
त्या सकाळी त्या शिरेत ०.८ च होतं.

"अन् तवाही कमीच आला तं?"
मी थांबले.
फ्रीजच्या घरघरीत उत्तर मोठं वाटू नये
म्हणून हळूच म्हटलं,
तर कमी आहे. मग तो कागद खरा धरायचा,
डॉक्टर काय सांगतात ते ऐकायचं.
तिनं मान हलवली,
पंधरवड्यात तिच्याशी कोणी सरळ बोललं नसावं तशी.

जाताना माझाच पेन घेऊन
तळहातावर २९ लिहिलं, खाली गोल काढला.
मी रिकाम्या रकान्यात तारीख भरली,
निळ्या शाईत, सव्वीस दिवस उशिरा.
बाहेर गाडी दोन किकमध्ये सुरू झाली.

चार मोबाइलमध्ये तो फोटो अजून आहे,
तारखेशिवाय.