दुपारचे तीन

टूसॉन. तळमजला. खिडकी नाही.
यानाचा फेरा असा बांधलाय
की खाली मंगळावर, जिथून जावं तिथे,
दुपारचे तीनच वाजलेले असतात.
सहा वर्षं मी एकाच घटकेच्या सावल्या बघतेय,
सगळ्या पूर्वेला लवंडलेल्या.
आमच्याकडे तीनला
फक्त कॉफी संपते.

आजच्या पट्टीत यारदांग.
शेकड्यांनी.
मऊ खडकातून वाऱ्याने सोडवून काढलेले,
पुठ्ठे सगळ्यांचे एका दिशेला,
तोंडाकडे निमुळते होत गेलेले.
झडीकडे पाठ करून
माळावर थिजलेली गुरं असावीत, तसे.
वारा येईल तशी पाठ द्यावी, म्हणतात.
यांना द्यायला पाठ नव्हतीच;
देता देता ती झाली.

ऑरव्हिल क्रेनशॉ म्हणायचा,
डोंगर बघू नकोस, आधी ऊन शोध.
पट्टी उलटी धरलीस
तर टेकडीचा खड्डा होतो,
आणि तुला तो पटतोही.
तरुणपणी त्याने अख्खा एक उन्हाळा
टेकड्यांची खोली मोजली होती.
सांगताना इतका हसायचा
की कानातलं यंत्र शिट्टी मारायचं.

मी आणखी जवळ जाते.
एका ठिपक्यात वीतभर जमीन.
यारदांगांमधल्या घळीत वाळूच्या चुण्या,
कालच पडल्यासारख्या,
पण त्यांची रेघ जुळत नाही:
घळीत आडव्या हव्यात, त्या उभ्या धावतात.
म्हणजे आजचा वारा भलतीकडून येतो.
ज्याने हे सगळं कोरलं
तो कधीच निघून गेला,
किती लाख वर्षं, ते आम्हाला सांगता येत नाही.
गुरं अजून त्याच्याकडेच पाठ करून.

ऑरव्हिल शुक्रवारी गेला. युमाला, लेकीकडे.
केकवर त्याचं नाव चुकलं होतं,
ते अक्षर त्यानेच आधी खाल्लं.

त्याची खुर्ची मला मिळाली.
गादी डावीकडे दबलेली.
त्याचा डावा कान बरा होता;
तो कायम त्या अंगाला रेलून बसायचा,
मला वाटायचं, पाठीचं काहीतरी असेल.
मी सरळ बसायला जाते
आणि हळूहळू घसरते,
त्याच्याच कलाने.

समोर माझं जुनं टेबल.
माझा कप अजून तिथेच,
बुडाशी कॉफीचं वाळलेलं वर्तुळ.