दुसरा हात

मंगळवारी माझ्याकडे भांडणं येतात.
केयोन बंदर, नगरपालिकेचा दुसरा मजला,
टेबल, तीन खुर्च्या, आणि एक शेगडी
जी धूर आधी देते, ऊब मग.

ग्रिसेल्दा ओयार्सो आली
नखांत वाळलेला लाल रंग घेऊन.
वीस वर्षं ती या किनाऱ्यावरच्या होड्यांवर नावं घालते.
मागोमाग नोल्बेर्तो कार्कामो, टोपी मुठीत.
तो खिडकीकडे तोंड करून बसला.

कागद एकच :
बिस्किटांच्या खोक्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने,
'एदेल्मिरा. दोन्ही अंगांना. पांढऱ्यावर लाल, काळी सावली.
एक लाख ऐंशी हजार पेसो.
साठ हजार इसार, बाकी काम झाल्यावर.'
खाली दोन सह्या, एकीवर चहाचा डाग.

काम झालं?
झालं, ती म्हणाली.
झालं, तो म्हणाला, पण ती गेली.
कोण?
एदेल्मिरा.

तीन आठवडे लागले होते अक्षरांना.
पाऊस, मग ओल्या फळ्या, मग पुन्हा पाऊस.
त्याच तीन आठवड्यांत बाई
शिलाई मशीन मांडीवर घेऊन
पोर्तो माँतच्या बसमध्ये बसली.

'जी माझी राहिली नाही
तिच्या नावाचे पैसे मी का भरू?'

'मी अक्षरं विकते,' ग्रिसेल्दा म्हणाली,
'ती नांदतील याची हमी देत नाही.'

मला हसू आलं. शेगडीत लाकूड सारायच्या निमित्ताने
मी खाली वाकलो.

मग त्यानेच तोड काढली.
आमच्या लिपीत त्या नावाची अक्षरं आठ.
पुढची चार पूस, राहील 'मिरा'.
मिरा म्हणजे आमच्याकडे 'बघ'.
होडीला काय वाईट आहे?
आणि अर्धं नाव राहिलं, तर पैसेही अर्धे.

'पुसायची मजुरी वेगळी.'

या खुर्चीत बसून इतकं कळलंय :
पैसे बुडवायचेच म्हणून येणारे थोडे.
बहुतेकांचा राग भलत्याच कुणावर असतो,
आणि हाताशी रंगारी सापडतो,
नाहीतर लग्नाचे फोटो काढणारा,
नाहीतर दुकानाची पाटी रंगवणारं कुणाचं पोर.
पण काळजाचं कलम त्या खोक्यावर नव्हतं.
काम सांगितलं तसं झालं, बाकी द्यावी लागेल,
मी म्हणालो.

तो सुक्या शिंपल्यांच्या चार माळा देऊ करत होता.
ती म्हणाली, वीज कंपनी शिंपल्या घेत नाही.

शेवटी ठरलं :
एक लाख वीस हजार, तीन हप्त्यांत.
वर पंधरा हजार, चार अक्षरांवर पांढरा मारायचे.
'पंधरात एकच हात बसेल,' ती म्हणाली,
'लाल आहे खाली. दुसरा हात लागेल.'
'एक पुरे.'
'पुरणार नाही.'
'एक पुरे,' तो म्हणाला,
आणि त्या सकाळी पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं.
मी लिहिलं : एक हात.

हप्ते वेळेवर आले.
तिसरा तर दोन दिवस आधी, सगळा नाण्यांत.
ग्रिसेल्दाने इथेच, या टेबलावर मोजला,
आणि पावतीवर सही करताना
लेखणी कुंचल्यासारखी धरली.

ऑगस्टात मी धक्क्यावर होतो.
होडी परतत होती.
कोरडी असते तेव्हा ती नुसती 'मिरा' असते.
लाट बसली की पांढऱ्याखालून
लाल हळूहळू वर येतं, आधी सावली, मग कडा,
आणि दोर फेकेपर्यंत
आख्खी बाई उभी.

'दुसरा हात मारून घे,' मी म्हणालो,
'ती स्वस्तात करेल.'

'पैसे नाहीत,' नोल्बेर्तो म्हणाला, गाठ आवळत.

त्या दिवशी त्याच्या होडीत
शिंपल्यांची बावीस पोती होती.
मी मोजली.