पान गेरार्द

या देशात साहेबाला ‘पान’ म्हणतात.
तर, पान गेरार्द.
वूच शहराच्या कडेला, ट्रामचा शेवटचा थांबा ओलांडून
एकशे बारा नंबरचा जमिनीचा तुकडा त्यांचा:
बटाट्याच्या चार ओळी, घेवडा, कोबी, शेपू,
आणि एक लाकडी खोपटं, ज्याची खिडकी नीट लागत नाही.

रोज सकाळी गुडघ्यांखाली पोतं घेऊन बसतात
आणि पान गेरार्द पान न् पान उलटतात.

सात वर्षांचे होते तेव्हा शाळेनं
हातात काचेची बरणी दिली होती.
रांगेनं नेलं बटाट्याच्या शेतात.
किडे अमेरिकेनं विमानातून टाकलेत, बाई म्हणाल्या.
पाठीवर दहा काळे पट्टे,
शत्रू ओळखायला अगदी सोपा.
संध्याकाळी बाईंनी मोजले.
गेरार्दचे दोनशे एकतीस.

अजून मोजतात.
साबणाच्या पाण्यात एकेक पट्टेवाला
टपकन पडतो, ओठ हलतात.
फवारा मारत नाहीत. पूर्वी मारायचे,
ओटिलियानं एका उन्हाळ्यात
पायरीवरच्या मधमाश्या सुपलीत भरून
त्यांच्या ताटाशेजारी आणून ठेवल्या, तोवर.

जूनमध्ये घेवड्यावर मावा पडला.
कोवळे शेंडे काळे, चिकट, काजळी फासल्यासारखे.
मुंग्यांची खालून वर ये-जा,
धारेच्या वेळेला गवळ्यांची असते तशी.
आणि त्या काळ्या गर्दीत आणखी एक जात:
इवल्या मगरीसारखी, काटेरी,
अंगावर नारिंगी ठिपके, तुरुतुरु धावणारी.
दिसायलाच गुंड.
पान गेरार्दनी अंगठ्यानं चिरडल्या.
चाळीस. एक्केचाळीस.

शेजारच्या तुकड्यातली बोगना, वय नऊ,
बरणी घेऊन आली.
बरणी बघून ते उगाच ताठ बसले.

“ही पानाला उलटी चिकटली होती,
मला वाटलं मेली. आज सकाळी फाटली. बघा.”

काठावर एक ढालकिडा,
नुकता निघालेला, पिवळा, ओलसर, बिनठिपक्यांचा.
दोघं बघत राहिले.
नऊच्या सुमाराला पहिला ठिपका आला,
मग बाकीचे, हळूहळू,
अंधाऱ्या खोलीत फोटो धुताना चेहरा येतो तसे.

“म्हणजे ती मगर?”
“हो. मावाच तर खाते ती.”

चोर सोडून संन्याशाला सुळी, आपण म्हणतो.
त्यांच्या भाषेत काय म्हणतात ठाऊक नाही,
ते काहीच म्हणाले नाहीत.
नळावर गेले. बराच वेळ हात धुतले.
अंगठ्यावरचा पिवळा डाग
दुपारी ब्रेड कापतानाही दिसत होता.

आता खिशात ओटिलियाचा चष्मा असतो, जाड भिंगांचा.
पानामागे पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला
की सरसकट चिरडत नाहीत.
अंडी दोघांचीही पिवळी, दोघांचीही उभी,
एकमेकांना टेकून, रांगेत नेलेल्या पोरांसारखी.
मोठी असली तर शत्रूची, बोगना सांगते.
पण मोठी म्हणजे किती?
कधी कधी पान गेरार्द पान तसंच खाली सोडतात
आणि बटाट्याचं जे व्हायचं ते होतं.

शेपू फुलू दिला यंदा.
त्यावर चकरा मारणाऱ्या, गांधीलमाशीचं सोंग घेतलेल्या
बारीक माश्यांनाही हाकललं नाही.
घेवडा अर्धा गेला. अर्धा पिकला.
पट्टेवाले मात्र मोजून डब्यात. तिथे दया नाही.

ऑक्टोबरात हवा बोचायला लागली.
खोपट्याच्या खिडकीच्या फटीत
ढालकिडे एकमेकांत शिरून झोपलेले, मूठभर.
बोगनाचा बाप हातोडी, पट्टी घेऊन आला:
“पान गेरार्द, एवढी फट बुजवून टाकू? बर्फ आत येईल.”

त्यांनी चष्मा लावला. वाकून पाहिलं.
ओठ हलले, कुठेतरी तिसाच्या आसपास थांबले.

“राहू दे,” म्हणाले. “पुढच्या वर्षी बघू.”